मोजून साठ

आमच्या घरात मोठ्यानं हसणारी माणसं दोनच. एक माझी आई आणि दुसरा तिचा धाकटा दीर, म्हणजे माझा मल्लूकाका. आप्पा, म्हणजे माझे वडील, हसले तर मिशीतल्या मिशीत, आणि तेही कुणी बघत नाही याची खात्री करून. घर धारूरच्या घाटाखालच्या गावात. पुढच्या खोलीत कापडाचं दुकान, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये नुसता पडदा. त्यामुळं गिऱ्हाइकाला लुगड्याचा भाव कळायच्या आधी आमच्याकडं आज काय शिजतंय ते कळायचं. आई येसराची आमटी करायला लागली की बाया लुगडं पसंत करायला मुद्दाम वेळ लावत, आणि आई पडद्याआडून म्हणायची, "बसा की, भाकरी खाऊनच जा." नव्या कापडाच्या खळीचा आणि येसराचा तो एकत्र वास मला आजही कुठं आला तर मी जागच्या जागी थांबते. परवा बाजारात थांबले तर मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली. चालायचंच.

काका कापड फाडायचा ते ऐकण्यासारखं असे. कात्रीनं एक बारीक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडत न्यायचं, धाग्याला धागा धरून. गज मारताना, म्हणजे कापड मोजताना, आमच्या दुकानात पहिल्या गजाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आजोबांपासूनचा रिवाज. मी शाळेत पहिल्या दिवशी पाढे म्हणताना 'लाभ' म्हणाले आणि मास्तरांनी मला दारात उभं केलं होतं. घरी येऊन सांगितलं तर आई आणि काका इतके हसले की दुकानातलं गिऱ्हाईक पडदा बाजूला करून आत आलं.

पण काकाचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते कापडामुळं नाही, विटी-दांडूमुळं. पोरांचा खेळ म्हणून नाक मुरडू नका. आमच्याकडं येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. जेवणं झाली की खालचं गाव विरुद्ध घाटावरची वाडी असा मोठ्या माणसांचा सामना व्हायचा आणि त्याची चर्चा पुढं होळीपर्यंत पुरायची. जमिनीत बोटभर खोल गल खणायची, काठावर विटी ठेवायची, तिच्या टोकावर दांडूनं टिचकी मारून ती उडवायची आणि हवेतच टोला हाणायचा. विटी पडली की टोला मारणाऱ्यानं अंदाजानं दांडू मागायचे: "चाळीस!" म्हणजे गलीपासून विटीपर्यंत चाळीस दांडूंचं अंतर आहे असा त्याचा दावा. समोरच्या म्होरक्याला पटलं तर तो म्हणणार "दिले". शंका आली तर म्हणणार "मोज". मोजून चाळीस भरले तर ठीक, पण एकोणचाळीस भरले तर डाव जळाला, एकही मिळायचा नाही. त्यामुळं हात जितका जोरकस हवा तितकाच डोळा पक्का हवा, आणि काकाचा डोळा म्हणजे गजच होता. तो मागायचा आणि विटीच्या मागंपुढं चार बोटांचासुद्धा फरक पडायचा नाही. वाडीचा म्होरक्या राणबा मोठा चिकट माणूस. त्यानं आयुष्यात कुणाला मोजल्याशिवाय एक दांडू दिला नसेल. काकाचं तर तो दर वेळी मोजायचा, दर वेळी हरायचा, आणि मग काकाच्याच पाठीत धपाटा घालून शेतातल्या आमच्या कडब्याच्या कोपीत आंबील प्यायला बसायचा. वाडीच्या लोकांचाही काकावर असा जीव होता की आपला माणूस बाद झाल्यावर ते काकाचा टोला बघायला पुढं सरकून बसत.

मग तो डोळा गेला. कापडाचा गठ्ठा येतो त्याला लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात. ती पट्टी कापताना सटकली आणि डाव्या डोळ्यात बसली. मोठ्या दवाखान्यात महिनाभर राहून काका परत आला, पण डोळा आला नाही. ठरलेली सोयरीक होती, ती मुलीकडच्यांनी मोडली. त्यावर काका एवढंच म्हणाला, "बरं झालं, तिला तरी दोनी डोळ्यांचा मिळंल." आणि पडद्याआड जाऊन झोपला.

त्यानंतर आमचं घर बदललं. कुणी मोठ्यानं बोलेना. एका डोळ्याला अंतर कळत नाही हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण रोज दिसत होतं. काका तांब्या ठेवायला जायचा आणि तो पाटाच्या अलीकडंच सोडायचा. सुईत दोरा ओवायचा तर दोरा हवेतच. आणि आम्ही सगळे न बोलता सांडलेलं पुसायचो, पडलेलं उचलायचो. आई, जी पूर्वी त्याला "भावजी, तुमी मानूस हायत का बैल?" असं सरळ विचारायची, ती आता त्याच्या ताटात भाकरी कुस्करून वाढायला लागली. आप्पा त्याच्याशी इतकं हळू बोलत जसं काही त्याचे कानही गेलेत. सगळं प्रेमानंच, त्यात शंका नाही. पण त्या प्रेमाखाली तो माणूस रोज थोडा थोडा चेपत चालला होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की घरात कंटाळा आलाय.

एके दिवशी सकाळी काकानं किटलीतून आप्पांना चहा ओतला. बशी इकडं आणि धार तिकडं, सरळ आप्पांच्या मांडीवर. आप्पा ओरडले नाहीत. चहा असा कढत, आणि आप्पा दात खाऊन म्हणताहेत, "असू दे, असू दे, काय न्हाई झालं." त्यांचं ते तोंड बघून मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून आलं. आईनं असा डोळा वटारला की मी अर्धमेली झाले. काकानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि किटली खाली ठेवली.

"पारे," तो म्हणाला, "सांजच्याला रानात चल माझ्यासंगं. दांडू घे."

"भावजी, कावून उगं…" आई म्हणाली.

"हासती ती," काका म्हणाला. "तुमी कुणी हासत न्हाई. मला हासणारं मानूस पायजे."

तेव्हापासून रोज दिवे लागायच्या आधी आम्ही मूग काढून मोकळ्या झालेल्या आमच्या रानात. पहिले आठ-दहा दिवस तर त्याचा दांडू विटीला लागलाच नाही. विटी उडायची, दांडू शेजारून सूं करून जायचा आणि काका स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. मी हसायचे आणि किती हुकले ते मोठ्यानं मोजायचे. एकदा लागोपाठ चाळीस. त्यानं दांडू फेकून दिला, ढेकळावर बसला, आणि जरा वेळानं म्हणाला, "एका डोळ्यानं फसवल्यावानी व्हतं. दोनी मिटून बघू." मला वाटलं, आता याचं डोकंही गेलं. पण त्यानं डोळा मिटला, विटीला टिचकी मारली, टक् आवाज झाला, आणि त्यानं नुसत्या अंदाजानं दांडू फिरवला. लागली. फार लांब गेली नाही, पण लागली. त्यानं आणि मी एकाच वेळी एकमेकांचं नाव घेऊन आरोळी ठोकली. शेजारच्या रानातला सालगडी साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आला.

अंतराचंही त्यानं तसंच बसवलं. टोला बसल्यापासून विटी मातीत टप्प करून पडेपर्यंत तो भरभर पुटपुटायचा, लाभ दोन तीन चार, आणि मग दांडू मागायचा. मी मोजायचे. आधी वीस-वीसचा फरक, मग दहाचा, मग दोनाचा. कधी तर तंतोतंत, आणि कधी उगाच पुन्हा दहाचा. वारा असला की सगळं बिघडायचं. मी चिडायचे, तो नाही. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ कुठला, तर पाय ढेकळांनी सोललेला, पोटात भुकेचा कावळा ओरडतोय आणि काका लांबून विचारतोय, "किती भरले गं?" तो. लग्न, नोकरी, नातवंडं, सगळं नंतर.

मागच्या महिन्यात नात टीव्हीवर गोल्फ बघत बसली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक गडी जिंकला आणि ज्यांना त्यानं हरवलं तेच धावत येऊन त्याला मिठ्या मारायला लागले. त्याच्या घरावर वर्षभर मोठं संकट होतं, नात म्हणाली, आणि सगळ्यांना तोच जिंकायला हवा होता. "तुला कशाला रडू येतंय आज्जी?" तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, तू आधी तो आवाज कमी कर. त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे प्रकरण लिहायला बसले.

तर येळवस आली. पहाटेपासून आईनं भज्जीचं मोठं पातेलं चढवलेलं: हिरवी तूर, वाटाणा, पावटा, घेवडा, मेथी, चुका, जे जे रानात असेल ते सगळं बेसनात रटरटतंय. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगांची पोळी, आणि रंगवलेल्या मडक्यात आंबट आंबील. गाडी जुंपून शेतात गेलो, कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आप्पांनी कोपीभोवती आंबील शिंपडली, आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारमारून जेवायला बसवलं. राणबा वाडीची माणसं घेऊन आला तो थेट आमच्याच पंगतीत बसला. काकाकडं त्यानं सरळ बघितलं नाही. मी ते टिपलं होतं.

जेवणं झाल्यावर काका उठला आणि म्हणाला, "मी खेळनार."

आप्पांच्या हातातला सुपारीचा अडकित्ता थांबला. "येक डोळा हाय तो बी घालवायचाय का?"

"दादा, विचारत न्हाई. सांगतो."

आमच्या बाजूच्यांनी त्याला शेवटचा ठेवला, म्हणजे त्याची पाळी यायच्या आधीच सामना निकाली लागेल आणि कुणाचं वाईट व्हायचं नाही. पण झालं उलटंच. वाडीनं ढीगभर दांडू केले, आमची माणसं भराभर झेल देऊन बाद झाली आणि काका उतरला तेव्हा आम्हाला नव्वदाच्या वर हवे होते. पहिली टिचकी, टोला. "वीस," काका म्हणाला. राणबा विटीकडं न बघताच म्हणाला, "दिले." दुसरा टोला नीट बसला नाही, विटी तिरपी गेली. "पंधरा." "दिले." मला दिसत होतं, ते बाराच्या वर नव्हते. काका दांडूवर टेकून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. राणबा कधी न मोजता देत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता साठ हवे होते. काकानं डोळा मिटला. टक्. आणि मग तो टोला. त्याचा आवाज मी अजून ऐकते. विटी उंच गेली, उन्हात दिसेनाशी झाली, आणि पार लांब, वाडीच्या माणसांच्याही मागं पडली. काकाचे ओठ हलत होते.

"साठ."

"दिले!" राणबा ओरडला. एका क्षणात दोन्हीकडची माणसं उठली, टोप्या उडाल्या, आमची पोरं काकाला उचलायला धावली.

काकानं दांडू आडवा धरला. "न्हाई. मोजा."

"आरं दिले म्हनलो ना बे," राणबा म्हणाला.

"तू आजपरत कधी दिलेस का मला? माझे दोन डोळे व्हते तवा मोजत व्हतास. आता एक हाय तर कावून देतूस? भीक घालायलास का?" काकाचा आवाज फाटला होता. "आदीचे पंधरा न्हाई, बाराच व्हते. वरचे तीन तू दिलेस, ते मी घेनार न्हाई. ते खोडा. आता ह्ये मोजा. साठाला एक बोट जरी कमी भरलं तर डाव जाळा, मी दांडूला परत हात लावनार न्हाई."

आमचीच माणसं त्याच्यावर चिडली. तीन खोडल्यावर साठ पुरणार नव्हते. राणबानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बारा तर बारा, बारा धरतो. पर मंग साठ न्हाई, त्रेसठ लागत्याल तुला. मागतूस का?"

"न्हाई. मी साठ मागितले, साठच मोजायचे. तीन कमी पडले तर पुढला टोला हाय."

मोजणार कोण, यावर भांडण. आमच्यातल्यानं मोजलं तर वाडीला पटणार नाही, वाडीतल्यानं मोजलं तर आता आम्हालाच भरवसा नव्हता की तो मुद्दाम जास्त मोजणार नाही! असला घोळ मी पुन्हा कधी पाहिला नाही. शेवटी काका म्हणाला, "पारी मोजल. रोज तीच मोजती."

मी दांडू गलीला लावला आणि सवयीनं म्हणाले, "लाभ." सगळं रान हसलं. दोन, तीन, चार. दांडू आडवा टाकायचा, टोकाशी बोट ठेवायचं, उचलायचा, पुन्हा टाकायचा. राणबा विटीजवळ जाऊन राखण करत उभा होता, बाकीची सगळी माणसं गलीपाशी काकाभोवती. चाळीस झाले, पन्नास झाले आणि विटी मला जवळ दिसायला लागली. फार जवळ. साठ भरतील की नाही सांगता येईना. पंचावन्न म्हणाले आणि वर बघितलं, तर राणबा पोटरी खाजवायला वाकला होता आणि त्याच्या वहाणेचं टोक विटीला लागलेलं. विटी हळूच वीतभर पुढं सरकली.

मी थांबले. मऊ काळ्या मातीत विटी रुतली होती तो खळगा स्पष्ट दिसत होता.

"मामा, विटी हितं पडलती," मी म्हणाले.

"गप पोरी," राणबा ओठ न हलवता म्हणाला. "मोज तू."

"न्हाई."

"आगं तुझा काका हरंल."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. मलाही तेच हवं होतं जे राणबाला हवं होतं, देवाशपथ सांगते. पण रोज सांजच्याला मी काकाला हसले होते, त्याचे हुकलेले टोले मोठ्यानं मोजले होते, आणि त्यासाठीच त्यानं मला बरोबर घेतलं होतं. "हरू द्या," मी म्हणाले, विटी उचलली आणि पुन्हा तिच्या खळग्यात ठेवली. राणबानं माझ्याकडं असं बघितलं की मारतो का काय. मग त्यानं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

छप्पन. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ. शेवटचा दांडू मी दोन्ही हातांनी टाकला. साठ. दांडूचं टोक टेकलं आणि विटी त्याच्याही पुढं, चार बोटं.

मी ओरडायच्या आधी राणबाच ओरडला. "साठ! भरले! मोजून साठ!" आणि म्हातारा बैलासारखा धावत सुटला. त्यानं काकाला कमरेला धरून उचललं. उरलेले तीन काकानं पुढच्या टोल्यात मागितले, पाचच मागितले, आणि राणबानं गुडघ्यावर बसून स्वतः मोजले, एक-एक दांडू घासून, पूर्वीसारखे. सात भरले. मग जे काही झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हरलेली वाडी काकाला खांद्यावर घेऊन नाचत होती आणि जिंकलेलं आमचं गाव मागं पळत होतं. आई कोपीतून भज्जीचा हात घेऊनच धावत आली आणि तिनं काकाच्या सदऱ्यावर पाची बोटं उमटवली. आप्पा एका बाजूला उभे होते आणि हसत होते, मिशीच्या बाहेर, सगळ्यांच्या देखत.

ऊन उतरताना गाडी घराकडं निघाली. आप्पा पुढं कासरा धरून, मागं आम्ही तिघं आणि रिकामी पातेली. काकानं मला हळूच विचारलं, "पंचावन्नला थांबलीस ती कावून?"

मी सगळं सांगितलं. खरं तर घाबरतच. काका असा हसायला लागला की बैल बिचकले. "वीतभर! आरं ह्या राणबाच्या! दादा, गाडी फिरव, त्याला चार शिव्या घालून येतो!"

"उद्या घाल," आप्पा म्हणाले. "बैलं दमलीत."

काका हसायचा थांबेना. गडबडा लोळायला गाडीत जागा नव्हती, तरी तो लोळत होता. आईनं आधी पातेली सावरली, मग माझं डोकं सावरलं, आणि शेवटी तिचा धीर सुटला. वर्षभरात घरात कुणी त्याला इकडची काडी तिकडं कर म्हणून सांगितलं नव्हतं.

"बास करा आता भावजी," ती खेकसली. "लई झालं कौतिक. उद्या पहाटं हिरीचं पानी तुमीच शेंदायचं. समदे हंडे. मी न्हाई उठनार."

काका उठून बसला. त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"शेंदतो की वैनी," तो म्हणाला. "समदे शेंदतो." साठ मागतानासुद्धा त्याच्या आवाजात इतका आनंद नव्हता.